कॅबिनेटमधला वारा: नवीन पंखे घेण्याआधी हे करून बघा

मागच्या मे महिन्यात मावसभावाचा फोन आला, दादा गेम चालू केला की पीसी नुसता घोंघावतोय आणि वीस मिनिटांनी फ्रेम पडायला लागतात (म्हणजे गेम अडखळायला लागते), अजून दोन पंखे टाकू काय? त्याच्याकडं आधीच सहा पंखे होते, सगळे लाइटवाले. म्हटलं थांब, रविवारी येतो. गेलो, कॅबिनेटच्या, म्हणजे पीसीच्या डब्याच्या, पुढं हात धरला तर गरम वारा हातावर. मागं धरला, तिथंही गरम वारा. वर धरला, परत तेच. म्हणजे सहाच्या सहा पंखे हवा बाहेर फेकत होते, आत घेणारा एक पण नाही! झालं असं होतं की पुढचं पॅनल बंद काळं, मग लाइट बाजूच्या काचेतनं दिसावी म्हणून गड्यानं पुढचे तिन्ही पंखे उलटे बसवले होते. बारा स्क्रू काढले, पंखे फिरवून परत लावले, ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र तयार करणारा भाग) ८४ अंशांवरनं ७५ वर आलं. खर्च शून्य, वर मावशीनं जेवण पण दिलं.

तेव्हापासून जो कोण विचारतोय त्याला मी हेच सांगतो की आधी वाऱ्याची वाट बघा, पंखे नंतर मोजा. आपल्या कोल्हापूरकडं ज्यांनी गुऱ्हाळ जवळनं बघितलंय त्यांना हे सांगायलाच नको. काहिलीखाली (रस आटवायची मोठी कढई) चुलवण असतंय, एका तोंडानं चिपाड (रस काढलेला वाळका ऊस) आत जातंय आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. धुराडं कितीपण उंच बांधा, चुलवणाचं तोंड राखेनं बुजलं की जाळ लागत नाही आणि धूर उलटा अंगावर येतोय. पीसीचं पण तसंच आहे, फरक एवढाच की इथं आपल्याला जाळ विझवायचाय.

आता पायरी पायरीनं जाऊया, पण गडबड करू नका, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग मोजायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळं फरक पडला ते कळतच नाही.

पहिली पायरी: मोजा आणि कागदावर लिहा

एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. तुम्ही जी गेम नेहमी खेळता ती अर्धा तास चालवा, किंवा रेंडरिंगवाले (व्हिडिओ, थ्रीडीचं काम करणारे) असाल तर सिनेबेंच, म्हणजे सीपीयूवर पूर्ण ताण देणारी टेस्ट, दहा मिनिटं. सीपीयूचं (म्हणजे प्रोसेसरचं) जास्तीत जास्त तापमान, ग्राफिक्स कार्डचं, त्याच्या हॉटस्पॉटचं (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि एनव्हीएमई एसएसडी (पट्टीसारखी वेगवान डिस्क) असेल तर तिचं, हे चार आकडे लिहा. आणि पाचवा आकडा, जो कोणच लिहीत नाही, तो म्हणजे खोलीचं तापमान. एक साधा थर्मामीटर टेबलावर ठेवा.

खोलीचा आकडा कशाला? कारण हवेनं थंड होणारा पीसी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश राहतोय एवढंच आपल्या हातात. डिसेंबरात पहाटे खोली २० ला असते आणि कार्ड ६५ दाखवतंय. तेच कार्ड मे महिन्यात, पत्र्याखालच्या वरच्या खोलीत, जिथं दुपारी ३६-३७ होतंय, तिथं ८० च्या पुढं जाणार. बिघडलं काहीच नाही, खोली १६ नं वाढली म्हणून कार्ड पण तेवढंच वाढलं. म्हणून जानेवारीतल्या आकड्याची मे महिन्याशी तुलना करून रडायचं नाही, दोन्हीत खोलीचा आकडा वजा करा आणि मग बघा.

किती म्हणजे जास्त? तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर फुल लोडला ९५ पर्यंत जातील असेच बनवलेत, इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीची हद्द साधारण १०० आहे. ग्राफिक्स कार्ड ८०-८५ पर्यंत असेल तर घाबरायचं कारण नाही. हद्दीला टेकलं की चिप स्वतःच वेग कमी करते, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणतात, आणि त्या फ्रेम पडायच्या तिथनंच. पण गेम खेळताना सीपीयू ९५ ला चिकटूनच बसला असेल तर मात्र काहीतरी चुकतंय, कारण गेमला सहसा सीपीयू पूर्ण लागत नाही.

दुसरी पायरी: पीसी ठेवलाय कुठं?

हे वाचून हसाल पण निम्मे पीसी इथंच सुधारतात. आपल्याकडं ते जुनं कॉम्प्युटर टेबल असतंय ना, त्यात खाली उजवीकडं सीपीयूसाठी एक कप्पा (घरचे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, तोच), तीन बाजूंनी प्लाय आणि मागं भिंत. त्या कप्प्यात मागच्या पंख्यानं फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून, बाजूनं फिरून परत पुढनं आत जाते. पीसी स्वतःचाच श्वास परत घेतोय. बाहेर काढा त्याला. मागं भिंतीपासून किमान वीतभर जागा, पुढं काही आडवं नको, वरनं निघणारी हवा असेल तर वर वह्या-पुस्तकं नकोत. आणि ते शिवून घेतलेलं कापडी कव्हर, पीसी चालू असताना अर्धं वर सारून ठेवायची सवय असते लोकांना, ते पण पूर्ण काढा.

जमिनीवर ठेवायचा असेल तर थेट फरशीवर नको, चटईवर तर अजिबात नको. बहुतेक कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय खाली असतो आणि त्याचा पंखा खालनं हवा ओढतो, चटईत ते तोंडच बुजतंय. दोन विटा किंवा एक लाकडी पाट चालतोय, नाहीतर चाकांचं स्टँड मिळतंय. फक्त पाट अख्खा असेल तर तो खालच्या जाळीवर येणार नाही असा ठेवा, नाहीतर केलं ते सगळं पाण्यात.

तिसरी पायरी: पॅनल काढून बघा

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट, कारण हिला पैसे लागत नाहीत आणि खोटं बोलता येत नाही. पुढचं पॅनल ओढून काढा (बरीचशी नुसती खटक्यावर असतात, पण वायर जोडलेली आहे का ते आधी बघा), परत तीच गेम, तोच अर्धा तास. आकडे ५ अंशांपेक्षा जास्त उतरले तर पंख्यांचा दोष नाही, पॅनलच गळा दाबतंय. काच लावलेली पुढची पॅनल दिसायला एक नंबर, पण हवा यायला फक्त कडेची बोटभर फट. नवीन कॅबिनेट घेणार असाल तर पुढं जाळी असलेलंच घ्या, यावर मी कुणाशी वाद पण घालत नाही आता.

तसंच बाजूची काच काढून एकदा मोजा. ती काढल्यावर पण फरक पडला नाही तर प्रॉब्लेम वाऱ्याचा नाहीच, सीपीयूवरचा कूलर नीट बसलेला नाही किंवा त्या दोघांमधली, उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट वाळलीय, तिकडं बघा.

आणि हो, टेस्ट झाली की बाजू परत लावा. काढूनच ठेवली तर थंड राहील की, असं प्रत्येकजण म्हणतोय. मी पण म्हटलेलं. एक उन्हाळाभर उघडा ठेवला, आणि एका रात्री आतनं खरखर आवाज यायला लागला म्हणून बघतोय तर पाल. ती गेली कशी ते विचारू नका. शिवाय उघड्या कॅबिनेटमध्ये धूळ कुठूनपण बसते, फिल्टरला कामच उरत नाही.

चौथी पायरी: पंख्याची दिशा

पंख्याला दोन तोंडं. एका बाजूला पाती मोकळी दिसतात, तिथनं हवा आत जाते. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरला धरणारे चार आडवे दांडे असतात, हवा त्या बाजूनं बाहेर पडते. बऱ्याच पंख्यांच्या कडेला छोटे बाण पण असतात. काही लाइटवाल्या पंख्यांत मुद्दाम उलटी पाती देतात म्हणजे दांडे न दिसता पण हवा उलटी जाईल, त्यामुळं नुसतं बघून खात्री झाली नाही तर उदबत्ती लावा.

उदबत्ती खरंच लावा. पीसी चालू, बाजू लावलेली, बाहेरनं प्रत्येक जाळीजवळ उदबत्ती हळूच फिरवायची, धूर आत ओढला जातोय की ढकलला जातोय ते डोळ्यांनी दिसतंय. घरातला सीलिंग फॅन तेवढ्यापुरता बंद ठेवा. राख आणि निखारा जाळीपासून लांब, आणि हे दोन मिनिटांचं काम आहे, अख्खी उदबत्ती संपवायची नाही. मागच्या बाजूला जी मोकळी स्लॉटची छिद्रं असतात तिथं पण धरून बघा, तिथं धूर आत जात असेल तर कॅबिनेट हवेसाठी भुकेलंय, पुढनं पुरेशी येत नाही म्हणून मागनं ओढतंय.

पाचवी पायरी: किती आणि कुठं

साध्या गेमिंग पीसीला पुढं दोन आत घेणारे, मागं एक बाहेर टाकणारा, बस. अजून एक घ्यायचाच तर पुढंच लावा. वर लावायचा असेल तर मागच्या कोपऱ्याकडं, सीपीयू कूलरच्या वर किंवा मागं. वरती पुढच्या कोपऱ्यात बाहेर टाकणारा पंखा लावला की पुढनं आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो वर उडवतोय, म्हणजे दारातनं आलेल्या पाहुण्याला चहा न देता खिडकीतनं बाहेर काढल्यासारखं.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. मग जादाची हवा फटींतनं बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टर असलेल्या वाटेनंच येते. उलटं केलं तर प्रत्येक फट धूळ ओढते.

थोडा हिशोब सांगतो, घाबरू नका, एकच भागाकार आहे. पीसी जेवढे वॉट खातो ते जवळजवळ सगळे उष्णता होऊनच बाहेर पडतात. वॉट गुणिले १.७६, भागिले सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा जातेय तो आकडा, की आत-बाहेरच्या हवेतला फरक अंशात मिळतोय. ३०० वॉटचा पीसी आणि खरोखर ३० सीएफएम हवा जातेय, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा साडेसतरा अंशांनी गरम. ६० सीएफएम केली तर नऊच्या आत. १२० केली तर साडेचार. बघा, पहिल्या दुपटीला जवळजवळ नऊ अंश वाचले, दुसऱ्या दुपटीला साडेचारच, आणि आवाज मात्र वाढतच गेला. म्हणून सातवा-आठवा पंखा म्हणजे नुसती लाइटिंग. आणि पंख्याच्या खोक्यावर जो सीएफएम छापलेला असतो तो पंख्यापुढं काहीच नसताना मोजलेला, फिल्टर आणि पॅनल आलं की बराच कमी भरतोय.

फिल्टर, रेडिएटर (लिक्विड कूलरची जाळी) असं काही पुढं असेल तर दाब जास्त देणारा पंखा घ्या, खोक्यावर स्टॅटिक प्रेशर लिहिलेलं असतंय. १४० एमएम बसत असेल तर १२० पेक्षा तोच बरा, कमी वेगात तेवढीच हवा, आवाज कमी.

ग्राफिक्स कार्डच्या खालची जागा मोकळी ठेवा, त्याचे पंखे खालनंच हवा घेतात. तिथं वायरींचा गुंता, जुनी हार्डडिस्क असलं काही नको. बाकी वायरी मागं नीट बांधल्या तर चांगलं दिसतंय, पण त्यानं दहा अंश उतरतील अशी अपेक्षा ठेवू नका, फक्त पुढच्या पंख्याच्या तोंडावर गुंता नको एवढं बघा.

सहावी पायरी: कूलर आणि पेस्ट

टॉवर कूलर (उभ्या पत्र्यांचा, पंखावाला) असेल तर त्याच्या पंख्याची हवा मागच्या पंख्याकडं गेली पाहिजे, पुढनं मागं अशी सरळ रेघ. लिक्विड कूलरवाल्यांनी (ज्यात पंप नळ्यांतनं पाणी फिरवतो) एवढंच बघायचं की पंप हा सगळ्या लूपमधला सर्वात उंच भाग नसावा, नाहीतर आतल्या हवेचे बुडबुडे पंपात जमतात आणि तो गुळगुळ करत बसतोय.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध, कूलर दाबल्यावर ती आपोआप पसरते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मोबाइल रिपेअरवाल्यांकडं असतंय. स्क्रू कोपऱ्यातले समोरासमोर थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. आणि कूलरच्या बुडाला चिकटवलेलं पातळ प्लॅस्टिक काढलं का ते दोनदा बघा. माझा पहिला पीसी जोडला तेव्हा मी काढलं नव्हतं, मिनिटाभरात सीपीयू १०० ला, आणि मी दोन दिवस पंख्यांना शिव्या घालत होतो.

सातवी पायरी: वायर कुठं लावायची

मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डवर, सीपीयू फॅन लिहिलेली पिन असते, कूलरचा पंखा तिथंच, नाहीतर चालू होताना एरर येतोय. बाकीचे सिस्टिम फॅन किंवा चासी फॅन लिहिलेल्या पिनांवर. चार पिनवाला पंखा म्हणजे पीडब्ल्यूएम, त्याचा वेग चौथ्या पिनेवरच्या सिग्नलनं ठरतो, तीन पिनवाल्याचा व्होल्टेजनं. तीन पिनवाला पंखा कायम फुल स्पीडला पळत असेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होतानाचं सेटिंग) जाऊन त्या पिनेचा मोड डीसी, म्हणजे व्होल्टेजवाला, करा, गप्प होतोय. एका पिनेवर सहसा १ अँपियर पर्यंतच ओढायचं, पंख्यावरच्या स्टिकरवर अँपियर लिहिलेले असतात, बेरीज करा. जास्त पंखे असतील तर पॉवर सप्लायवरनं चालणारा हब घ्या.

लाइटची वायर वेगळी. एआरजीबी (प्रत्येक लाइटचा रंग वेगळा बदलता येणारी) म्हणजे ५ व्होल्ट, तीन पिन. साधी आरजीबी १२ व्होल्ट, चार पिन. ५ वाली १२ मध्ये घातली की लाइट कायमची गेली. प्लग जोर लावून घालावा लागतोय असं वाटलं तर तिथंच थांबा.

आठवी पायरी: फॅन कर्व्ह

चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, फॅनचं पान शोधा. किती तापमानाला पंखा किती वेगानं फिरेल, तो तक्ता म्हणजे फॅन कर्व्ह. मी असं ठेवतो: ४० अंशांपर्यंत ३० टक्के, ६५ ला ६० टक्के, ८५ ला १००. सीपीयूचं तापमान एका सेकंदात उडी मारतंय, त्यामुळं ब्राउझर उघडला तरी पंखा व्हूं करून चढतोय आणि उतरतोय, त्यासाठी तिथंच स्टेप अप टाइम किंवा विलंब असं काहीतरी असतंय, ते थोडं वाढवा. गेमिंगवाल्यांनी कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डच्या तापमानाशी जोडले तर जास्त बरं, कारण गेममध्ये जास्त उष्णता तेच सोडतंय. बायोसमध्ये ते सहसा जमत नाही, फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात जमतंय.

एक गंमत, पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते पण लागणारी वीज आठवा भाग. म्हणून तीन पंखे हळू चालवणं हे एक पंखा जीव तोडून पळवण्यापेक्षा कधीपण बरं.

धूळ, काजळी आणि पावसाळा

इथं कोल्हापूरचा विषय वेगळा. उसाचा हंगाम चालू झाला की गावाकडच्या बाजूला गच्चीवर काजळी पडते ती तुम्हाला माहिती आहेच, पाचट पेटवलेलं असतंय, ती हलकी असते आणि पुढच्या फिल्टरवर काळा थर धरते. उद्यमनगर किंवा शिरोली एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्यांकडं बारीक कारखान्याची धूळ, ती तर अजून चिवट. हंगामात दर पंधरा दिवसांनी पुढचा फिल्टर काढून नळाखाली धरा, उलट्या बाजूनं पाणी सोडा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका. पावसाळ्यात तो वाळायलाच दोन दिवस लागतात, तेवढे दिवस फिल्टर नसला तरी चालतोय.

आतली धूळ काढायला साधा इलेक्ट्रिक ब्लोअर आणि मऊ ब्रश. पीसी बंद, मेनची वायर काढलेली. पंख्याला बोटानं धरा, वाऱ्यानं भन्नाट फिरू देऊ नका, बेअरिंग जातंय आणि फिरणारा पंखा उलटी वीज पण तयार करतोय. एकानं पीसी उचलून गॅरेजवर नेला, म्हटला कंप्रेसर आहे की मित्राकडं, एका दमात साफ. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतंय, हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे बारीक थेंब येतात, त्याच्या मदरबोर्डवर ते बसले. मी तीन दिवस वाळवायला लावला, नशिबानं वाचला. तो प्रयोग करू नका.

पावसाळ्यात ओल आत धरेल अशी भीती खूपजणांना असते. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळं त्याच्यावर पाणी धरत नाही. उलट महिनाभर बंद ठेवलेल्याला त्रास होतो, दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालू करत जा. ओलीत धूळ मात्र चिखलासारखी चिकटते, म्हणून मोठी सफाई मिरगाच्या आधी, मेअखेरीस उरकून घ्या.

एवढं करून पण गरमच असेल तर

मग उष्णता तयारच कमी करा. ग्राफिक्स कार्डसाठीच्या एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिटचा (कार्ड किती वीज खाईल त्याचा) दांडा असतो, तो १०० वरनं ८० वर आणा, बऱ्याच कार्डांत फ्रेम अगदी थोड्या कमी होतात आणि उष्णता मात्र चांगलीच उतरते. रायझनवाल्यांना बायोसमध्ये कमी वीज खाणारा इको मोड मिळतोय. गेमला फ्रेमची हद्द लावा, सेकंदाला ६० फ्रेमच दाखवणारा मॉनिटर असताना १४० फ्रेम काढून कार्ड कशाला तापवायचं?

आणि ३०० वॉटचा पीसी बंद खोलीत म्हणजे एक छोटा हीटरच चालू ठेवल्यासारखं आहे, ती उष्णता कॅबिनेटमधनं निघाली तरी खोलीतच राहते. पीसीची मागची बाजू खिडकीकडं करा, समोरचं दार उघडा म्हणजे वारा आरपार जाईल. मावसभावाचं शेवटी हेच केलं, टेबल फिरवून खिडकीला पाठ करून लावलं, तर ७५ चं ७२ झालं. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच तो अजून पण खेळत नाही, पत्रा आहे वर, तिथं माझा पण इलाज नाही.